ताऱ्याखालची पंगत

नाकाडोंगरीत वच्छलाबाईच्या फाटकाला जी कडी होती, ती तिनं भंडाऱ्याच्या बाजारातून मुद्दाम निवडून आणलेली होती. जाड, लोखंडी, हात लावला की खणकन वाजणारी. कोणी ती वाजवली की आधी आतून तीन प्रश्न येत आणि मग वच्छलाबाई येई. "कोन? कोठचे? कायले आले?" तिन्हींची उत्तरं मनासारखी मिळाली तर कडी निघायची, नाहीतर आलेला माणूस आल्या पावली परत. मतदानाची चिठ्ठी वाटणाऱ्यापासून पोलिओचे थेंब पाजणाऱ्या बाईपर्यंत कोणाचीही या परीक्षेतून सुटका नव्हती. गावातली टवाळ पोरं म्हणत, वच्छलाकाकूच्या दारात कुत्रंसुद्धा आधी ओळखपत्र दाखवतं आणि मग भुंकतं.

बाई मुळात अशी नव्हती. खाणीत नोकरीला असलेल्या खेमराजशी लग्न करून ती तुमसरहून इथे आली, तेव्हा गावात ख्रिस्ती घरं दोन-तीनच होती. तरी वर्षभरात साऱ्या गावाच्या चुली तिला ओळखू लागल्या, कारण तिच्या हातात मांडे होते. मांडे करणं हे येरागबाळ्याचं काम नाही. कणीक पाणी लावून लावून इतकी तिंबायची, की हातातून ओघळते की काय असं वाटलं पाहिजे. तिच्यात पुरण भरायचं. मग पोळपाट नाही, लाटणं नाही. तो गोळा दोन्ही हातांवर कोपरापर्यंत झुलवत वाढवायचा आणि चुलीवर उपड्या ठेवलेल्या तापल्या मडक्यावर अलगद पांघरायचा. जरा घाई केली की फाटला. वच्छलाबाईचा मांडा कधी फाटला नाही. लग्न असो की बारसं, तिला बोलावणं ठरलेलं, आणि तीही हसतमुखानं जायची.

मग एका उन्हाळ्यात एक माणूस दारात आला. पितळेची भांडी चमकवून देतो म्हणाला. वच्छलाबाईनं आईचा पाणी भरायचा पितळी गुंड काढून दिला; त्यानं तो असा उजळला की त्यात तोंड दिसावं. खूश होऊन तिनं त्याला जेवायला वाढलं. जेवून हात धुतल्यावर तो म्हणाला, "माय, गळ्यातली पोत बी काळी पडली, लगे हात तेबी उजळून देतो." पोतही आईचीच. त्यानं ती हळदीच्या कढत पाण्याच्या डब्यात टाकली, झाकण लावलं, गार झाल्याशिवाय उघडू नका म्हणाला आणि निघून गेला. डबा गार झाला. उघडला तर नुसतं हळदीचं पाणी.

पोत गेल्याचं दुःख होतंच. पण वच्छलाबाईच्या अंगाची खरी लाही झाली ती वेगळ्याच गोष्टीनं. त्या मेल्यानं पोत नेण्याआधी तिच्या हातचे मांडे तुपात बुडवून खाल्ले होते आणि "असे मांडे जिंदगीत खाल्ले नाई माय" असंही म्हणाला होता. म्हणजे तिच्या मायेचा घास पोटात घालून तिच्याच गळ्याला हात घातला. पुढच्या बाजाराला ती भंडाऱ्याला गेली आणि कडी घेऊन आली.

त्यानंतर फाटक मिटलं ते मिटलंच. परक्याला पाणी नाही, वाटसरूला सावली नाही. रविवारी ती तुमसरच्या चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसे, डोळे मिटून प्रार्थना करी, आणि घरी आली की आधी कडी नीट लागली का ते बघे. खेमराज स्वभावानं गरीब. तो काही बोलत नसे. फक्त डिसेंबर लागला की कोणाचं ऐकत नसे. बांबूच्या कमट्या बांधून, लाल कागद चिकटवून तो भलामोठा तारा करी आणि फाटकाजवळ उंच बांबूवर चढवी. पार वळणावरून दिसे. एकदा तारा चढवून खाली उतरता उतरता तो म्हणून गेला, "तारा म्हनते या, कडी म्हनते जा. येनाऱ्यानं कोनाचं आयकाव?" त्या दिवशी त्याला भाजीत मीठ मिळालं नाही.

या कडीचा खरा भुर्दंड पडला तो लेकीला. करुणा भंडाऱ्याला नर्स होती. शहाणी, कामसू, कोणालाही आवडावी अशी. तिच्यासाठी चांगली स्थळं आली आणि परत गेली. नकाराचं कारण कोणी तोंडावर सांगत नाही, पण फिरून फिरून ते कानावर आलंच: पोरगी सोन्यासारखी, पण माय भारी खट. तिथं सोयरीक करून जन्मभर फाटकाबाहेर कोण उभं राहणार? वयाची तिशी उलटली तशी करुणानं मुलं बघणं बंद केलं. आणि मग तिच्याच दवाखान्यातल्या संजीवचं नाव निघालं. दोघांची मनं जुळलेली होती. पाळकसाहेबांनी मध्ये पडून बोलणं लावलं. नाताळची सगळ्यांना सुट्टी असते, तेव्हा नाताळच्याच दिवशी मुलाचे आईवडील नाकाडोंगरीला जेवायला येतील असं ठरलं. करुणा आईला एवढंच म्हणाली, "आई, हे जुळलं नाई, तर मले पुन्हा विचारू नको. मी दुसरं पाहनार नाई." ती रडली नाही, भांडली नाही. त्यामुळेच वच्छलाबाईनं त्याच दिवशी चणाडाळ निवडायला घेतली.

नाताळच्या सकाळी खेमराज आणि करुणा पहिल्या बसनं तुमसरला उपासनेला गेले. वच्छलाबाई गेली नाही. जन्मात पहिल्यांदा तिचा नाताळ चर्चबाहेर गेला, पण मांडे गरमच वाढायचे असतात आणि पाहुणे दुपारी थेट घरी येणार होते. त्यांना तिनं कधी पाहिलं नव्हतं. पाळकसाहेबांनी सांगितलं होतं तेवढंच: लक्ष्मणराव, त्यांची बायको रत्नमालाबाई, सोबत एक लहान नात, आणि जीप चालवायला पुतण्या. रत्नमालाबाई मोठ्या दवाखान्यातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या, नजर करडी. वच्छलाबाईनं अंगणात मांडव घातला, खुर्च्या मांडल्या, बाहेरच्या चुलीवर मडकं उपडं ठेवलं आणि कोपरापर्यंत कणकेत हात घालून बसली. मनात मांडे तर केव्हाचे भाजून झाले होते; लग्न लागलं होतं, नातवंडंही खेळत होती.

मध्येच आत कपाटावरचा फोन वाजला. वाजून वाजून थांबला, पुन्हा वाजला. पण कणकेनं माखलेल्या हातांनी फोन कोण उचलणार? आणि आता हात धुतले तर तिंबलेली कणीक बसते. "वाज किती वाजतो ते," म्हणून तिनं पुढचा गोळा घेतला.

तेवढ्यात फाटकाशी जीप थांबली. उंच, पांढऱ्या केसांचा एक म्हातारा उतरला. त्याच्यामागे हसऱ्या तोंडाची बाई, बाईचं बोट धरलेली चिमुरडी, आणि स्टिअरिंगवर एक तरुण. सारं पाळकसाहेबांनी सांगितलं तसंच. वच्छलाबाई धावली आणि प्रश्न बिश्न काही न विचारता, कणकेच्या हातानं कडी सरकन ओढली.

आता एक गोष्ट इथेच सांगून टाकलेली बरी, म्हणजे वाचणाऱ्याचा गोंधळ नको. हे लक्ष्मणराव नव्हतेच. हे होते मोहाडी तालुक्यातल्या करडीचे यादोराव. सोबत बायको सुमनबाई, मुलगा धम्मदीप आणि त्याची पोर प्रतीक्षा. मध्य प्रदेशात दिलेल्या बहिणीकडे नवा तांदूळ घेऊन निघाले होते. पूर्वी या वळणावर एक ढाबा होता. तो बांबूवर लाल कंदील टांगायचा. ढाबा कधीचाच बंद पडला होता, पण यादोरावांच्या डोक्यात कंदील पक्का बसलेला. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. लांबून बांबूवर लाल काहीतरी दिसलं, जवळ आले तर मांडव, खुर्च्या आणि पुरणाचा वास. ते धम्मदीपला म्हणाले, "थांबव गा. हाच तो ढाबा. सुधारला दिसते."

"जेवायले भेटन का जी, बाई?" यादोरावांनी विचारलं.

वच्छलाबाईला हसूच फुटलं. मुलाचा बाप, एवढा मोठा माणूस, आणि किती साधं बोलणं! "भेटन का म्हंजे? सकाळपासून मी कोनासाठी चुलीपुढं बसली आहो? या जी, या. तुमचंच घर समजा."

गरम पाणी आलं, टॉवेल आला. वच्छलाबाईनं खास काढून ठेवलेल्या चादरी खुर्च्यांवर टाकल्या. सुमनबाई नवऱ्याच्या कानाशी म्हणाली, "माय वं, किती खातिरदारी!" धम्मदीप मात्र सरळ म्हणाला, "मावशी, एक खाट टाकून द्या नं. पाठ आखडली." वच्छलाबाईनं मनातल्या मनात म्हटलं, पुतण्या जरा आगाऊ आहे. पण मुलाकडचा. तिनं स्वतः खाट ओढून आणली, वर गोधडीही घातली, आणि तो खुशाल आडवा झाला.

ताटं वाढली. कोंबडीचा रस्सा, वांग्याची भाजी, कढी, आणि मडक्यावरून उतरणारा एकेक मांडा, त्यावर तुपाची धार. ताटाशी यजमानानं प्रार्थना करायची किंवा मानाच्या पाहुण्याला तो मान द्यायचा, अशी या घरची रीत. खेमराज नव्हता. म्हणून वच्छलाबाई अदबीनं म्हणाली, "तुमीच दोन शब्द प्रार्थना करा जी."

यादोराव क्षणभर गडबडले. ढाब्यावर प्रार्थना? पण बाई भाविक दिसते, तिचं मन का मोडा? त्यांनी हात जोडले, डोळे मिटले आणि म्हणाले, "ज्यानं पिकवलं आन जिनं रांधलं, त्याईचं भलं होवो." आणि घास घेतला.

वच्छलाबाईला गहिवरून आलं. चर्चमध्ये तासतासभर चालणाऱ्या प्रार्थना तिनं ऐकल्या होत्या, पण रांधणारीची आठवण काढणारी प्रार्थना पहिल्यांदा ऐकली. हे घर मिळालं तर पोरीचं सोनं होईल, असं तिला अगदी आतून वाटलं. पुढचा मांडा तिनं असा झुलवला की सुमनबाई जेवता जेवता थांबून बघतच राहिली.

"हाताले पोळत नाई का वं बाई?"

"आता कायचं पोळते?"

"घरच्या पोरीबाळीले बी येते का असे मांडे?"

झालं. परीक्षेचा प्रश्न आला. करुणाच्या हातून आजवर एकही मांडा धड मडक्यापर्यंत पोचलेला नव्हता. वच्छलाबाईनं डोळा न लववता सांगितलं, "येते नं! मायाहून बारीक करते." आणि पटकन ठेचा कुटायला पळाली, कारण सुमनबाईंनी ठेचा मागितला होता. मग कांदा मागितला. मग धम्मदीपनं खाटेवरूनच, "मावशी, रस्सा आखीन एक डाव," असा पुकारा केला. एरवी वच्छलाबाईला कोणी असा हुकूम सोडला असता, तर तो रश्श्यासकट रस्त्यावर गेला असता. आज ती प्रत्येक हुकमाला "आनतो जी, आनतो" करत धावत होती. आणि गंमत म्हणजे तिला ते जड जात नव्हतं. प्रतीक्षा नावाची ती पोर चुलीजवळ येऊन बसली होती. तिचे इवले हात पसरून वच्छलाबाईनं त्यावर कणकेचा छोटा गोळा झुलवून दाखवला. पोर खिदळली. वच्छलाबाई नाताळचं एक जुनं गाणं गुणगुणत होती, आणि आपण गातो आहोत हे तिच्या स्वतःच्याच बऱ्याच वेळानं लक्षात आलं. त्या उन्हाळ्यापासून ती चुलीपुढे कधी गायली नव्हती.

पुरणाचं भांडं तळाला लागलं. शेवटचा गोळा उरला तेव्हा यादोरावांनी तृप्तीचा ढेकर दिला, हात धुतले आणि बंडीच्या खिशात हात घातला.

"जेवन एक नंबर झालं, बाई. बिल सांगा."

"कायचं बिल?" वच्छलाबाई हसत म्हणाली. हे व्याही थट्टेखोरही आहेत तर.

"जेवनाचं जी. आमाले पुढं जाचं हाय. ढाबा भारी हाय तुमचा, आमी सांगू साऱ्याईले."

वच्छलाबाईचे हात हवेतच थांबले. तिनं म्हाताऱ्याकडे पाहिलं, बाईकडे पाहिलं, खाटेवर पसरलेल्या पुतण्याकडे पाहिलं. मग बऱ्याच वर्षांची सवय आपोआप तोंडातून बाहेर पडली.

"कोन तुमी? कोठचे? कायले आले?"

दोन वाक्यांत सगळा उलगडा झाला. यादोरावांचा चेहरा एवढासा झाला. सुमनबाई भरल्या ताटावरून उठल्या. धम्मदीप खाटेवरून असा उडाला की गोधडी त्याच्या पायात अडकली. "चुकी झाली माय, माफ करा. आमाले ढाबाच वाटला. कंदील पाह्यला नं आमी," यादोराव हात जोडून म्हणत होते आणि खिशातल्या नोटा पुढे करत होते.

वच्छलाबाईच्या डोक्यात संतापाची तिडीक गेली. पुन्हा! पुन्हा एका परक्यानं तिच्या हातचे मांडे खाल्ले. तेही लेकीच्या नशिबाचे. पुरण संपलं, तूप संपलं, रस्सा तळाला गेला, आणि खरे पाहुणे कोणत्याही घडीला येतील. या माणसांना मागच्या दारानं काढावं, ताटं लपवावी, चुलीवर पाणी ओतून सांगावं की बरं नव्हतं म्हणून स्वयंपाक केला नाही. एवढं सगळं तिच्या मनात येऊन गेलं. "निंघा," हा शब्द तिच्या ओठांवर आलाही.

पण प्रतीक्षा अजून मडक्यासमोरच बसून होती. मोठी माणसं काय बोलताहेत याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. शेवटच्या गोळ्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, "आजी, हा मायावाला नं? तू म्हनली होती."

म्हणाली होती खरी. आणि वच्छलाबाईला एकदम कळलं, की सकाळपासून आपल्या घरात आनंद होता. खराखुरा, पोटातून आलेला. तो व्याह्यांमुळे नव्हता; व्याही तर आलेच नव्हते. या माणसांना वाढताना ती गायली होती. हात तेच, मांडे तेच, माणसं भुकेली; बदललं काय होतं? फक्त आज कडी काढताना तिनं विचारलं नव्हतं. आणि आज दिवस कोणता? कुठल्याशा गावात एका अवघडलेल्या बाईला कोणी दारात घेतलं नाही, ती गोष्ट ती दरवर्षी डोळ्यांत पाणी आणून ऐकायची आणि त्या गावच्या माणसांना मनातून शिव्या घालायची. तिच्या फाटकाशी ती बाई आली असती तर तिलाही तेच तीन प्रश्न ऐकावे लागले असते. वच्छलाबाईला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"खाली बसा," ती म्हणाली. आवाज अजून खटच होता. "भरल्या ताटावरून उठतेत का कोनी? सुमनबाई, बसा म्हनतो नं. ते नोटा खिशात ठेवा जी, नाईतर चुलीत घालीन."

तिनं शेवटचा गोळा उचलला. जन्मात कधी फाटला नव्हता तो मांडा आज मधोमध फाटला. तिनं तो तसाच भाजला आणि पोरीच्या ताटात वाढला.

नेमकी तेव्हाच फाटकाशी दुसरी जीप थांबली.

आधी खेमराज उतरला, मग करुणा, आणि मग एक उंच, ताठ कण्याची बाई, जिच्याकडे पाहताच कोणीही सांगितलं असतं की हिनं आयुष्यभर वॉर्ड सांभाळले. मागून, स्टिअरिंगवरून, तिचे यजमान. लक्ष्मणराव आणि रत्नमालाबाई लवकर निघाले होते, म्हणून तुमसरलाच उपासनेला थांबले. नातीला सर्दी झाली म्हणून ती आली नाही, पुतण्या नातीजवळ राहिला. हेच सांगायला खेमराज सकाळपासून फोन करत होता. आता त्यानं अंगणात नजर टाकली: उष्टी ताटं, रिकामं पुरणाचं भांडं, खाट, गोधडी, अनोळखी माणसं. करुणाचा चेहरा पांढरा पडला.

खेमराजनं आयुष्यात प्रथमच प्रसंगावधान दाखवलं. "हे आमचे जुने वळखीचे..."

"वळखीचे नाई," वच्छलाबाईनं त्याला तोडलं. "अजी, नाताळाच्या दिवशी खोटं काहून बोलता?" मग ती रत्नमालाबाईंसमोर जाऊन उभी राहिली. कोपरापर्यंत कणीक, कपाळावर राख. "बाई, तुमच्यासाठी रांधलं होतं. याईले तुमी समजून वाढलं. याईले आमचं घर ढाबा वाटलं. सारं पुरन संपलं. वळखत नाई मी याईले, आजच पाह्यलं. कळलं असतं की हे परके हायत, तर मी फाटक बी उघडलं नसतं, हेबी खरंच सांगतो. आन आमच्या करुणाले मांडे येत नाई. याईले मी येते म्हनून सांगितलं, ते खोटं." एवढं बोलून तिचा श्वास संपला. "माया पोरीत काई कमी नाई. जे काई वाकडं हाय ते मायात हाय. तिले त्याची सजा देऊ नका."

रत्नमालाबाई सावकाश चालत मांडवात गेल्या. सुमनबाईंच्या ताटाकडे वाकून पाहिलं.

"कसे झाले होते?" त्यांनी विचारलं.

"काय सांगू बाई," सुमनबाई रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "मायी माय गेल्यापासून मले असं कोनी वाढलं नाई. आमी तर पैसे देऊन खानारे गिऱ्हाईक. पन या बाईनं पोरीले मांडीजवळ घेतलं, पोराले खाट दिली, ठेचा कुटून आनला. आमाले वाटलं, ढाब्याची मालकीन अशी, तर घरची मानसं कशी असतीन!"

रत्नमालाबाई वळल्या. त्यांच्या तोंडावर हसू आहे की राग, ते कोणालाच कळेना.

"खरं सांगू? मी नकार घेऊन आली होती," त्या म्हणाल्या. "साऱ्यांनी मले सांगितलं होतं, त्या बाईच्या दारात पानी भेटत नाई. संजीवचं मन राखायसाठी येऊन जाव, आन घरी जाऊन नाई म्हनाव, असं यांच्याशी बोलून निंघाली होती. आता घरी जाऊन मी कोनत्या तोंडानं म्हनू?" आणि मग त्या खो खो हसायला लागल्या. "मानसं वळखायले चुकल्या तुमी, इहीनबाई. वाढायले नाई चुकल्या."

इहीनबाई! आपल्याकडे हा शब्द विहिणीलाच लावतात. खेमराजला तो आधी कळला. तो मटकन खुर्चीत बसला. करुणानं पदर तोंडाला लावला. वच्छलाबाईनं मात्र पुरणाच्या रिकाम्या भांड्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "पन तुमाले वाढू काय?"

त्याचं उत्तर यादोरावांनी दिलं. त्यांनी धम्मदीपला हाक मारली, जीपमधून बहिणीसाठी नेत असलेलं नव्या तांदळाचं पोतं उतरवलं आणि तोंड सोडलं. साऱ्या अंगणात वास सुटला. सुमनबाईंनी पदर खोचला. "सरका बाई, आता तुमी बसा. तुमच्या चुलीवर मी रांधतो. आत्याबाईले आमी पुढच्या फेरीत देऊ." पुरण संपलं होतं, पण कणीक होती. वच्छलाबाईनं नुसत्याच लांब पोळ्या टाकल्या. रश्श्यात पाणी घालून तो वाढवला. वांगी पुन्हा परतली. करुणानं हट्टानं एक पोळी झुलवली, ती खाली राखेत पडली, आणि मुलाची आई पोट धरून हसली. करडीच्या माणसांनी शिजवलेला भात भंडाऱ्याच्या व्याह्यांनी नाकाडोंगरीत खाल्ला आणि लक्ष्मणरावांनी तीनदा मागून घेतला. निघताना दोन्ही गाड्या पुढेमागे उभ्या होत्या. यादोराव म्हणाले, "लग्नाले बोलावजा, ढाबा नाई चुकनार आता."

लग्नाला ते आलेच. पहिल्या ओळीत बसले. त्यानंतर दर नाताळाला करडीचा नवा तांदूळ नाकाडोंगरीत येतो. पण गोष्ट तेवढ्यावर थांबली नाही. पुढच्या डिसेंबरात खेमराज तारा करायला बसला, तर वच्छलाबाई म्हणाली, "एवढुसाच काहून? वळनाच्या पलीकडून दिसला पायजे." कडी तिनं स्वतः काढून परसात कोंबड्यांच्या खुराड्याला लावली. मांडवात बाकडी आली. जंगलातून मोळ्या घेऊन येणाऱ्या बायका थांबल्या, खाणीतली पोरं थांबली, एसटीचा ड्रायव्हर दोन मिनिटं म्हणून उतरला आणि प्रवाशांनाही घेऊन आला. आता नाताळच्या दुपारी त्या ताऱ्याखाली पंगतीवर पंगत उठते. चणाडाळ गावातून येते, तूप व्याह्यांकडून येतं, आणि वच्छलाबाई उपड्या मडक्यापुढे बसून सर्वांवर खेकसत वाढते. स्वभाव काही बदललेला नाही. फाटक बदललं आहे.

गेल्या नाताळात पंगत अर्ध्यावर असताना एक माणूस फाटकात येऊन उभा राहिला. खांद्याला झोळी, हात काळे. आत यावं की नाही अशा बेतात.

"माय," तो म्हणाला, "पितळेची भांडी चमकवून देतो."

खेमराजच्या हातातली वाटी थांबली. तांदूळ घेऊन आलेल्या सुमनबाईंना ती पोतीची गोष्ट माहीत होती. त्यांनी करुणाकडे पाहिलं, करुणानं आईकडे. तो माणूस तो नव्हता, हा तरुण होता. पण धंदा तोच, झोळी तशीच. वच्छलाबाई मडक्यामागून उठली. सगळ्या पंगतीला वाटलं, आता ते तीन प्रश्न येणार.

ती फाटकापर्यंत गेली. त्याला खालून वर न्याहाळलं.

"जेवला का?"

त्यानं मान हलवली. नाही.

"मंग उभा काहून? कोन, कोठचा, ते मंग सांगजो. आधी हात धू." आणि मांडवाकडे वळून तिनं हाक दिली, "करुणा, ताट आन वं. आन माया मायचा तो पितळेचा गुंड काढून ठेव, जेवल्यावर हा उजळून देते."

बोलता बोलता तिनं गळ्यातली नवी पोत पदराखाली सरकवली. मग चुलीपुढे बसली आणि त्याच्यासाठी गोळा हातावर घेतला.